सैनिकाची जमीन आणि विधवेचा पुरावा

सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आमच्या धर्मग्रामाची हकीकत, देवळाच्या बांधकामाचा वृत्तांत आणि पूर्वीच्या धर्मगुरूंचा परिचय हे सर्व अन्य लेखकांनी दिलेच आहे. स्मरणिकेच्या चालकांनी आमच्याकडे इतिहासविषयक एखादा निबंध मागितला, विषयाचे बंधन मात्र घातले नाही. त्या सवलतीचा फायदा घेऊन आम्ही वाचकांस वसईपासून फार दूर, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नेत आहोत. तेथल्या शिपायांस जी जमीन व जो पैसा कबूल झाला, तो त्यांस व त्यांच्या बायकामुलांस कसा मिळाला, किंवा कसा मिळाला नाही, हा आमचा विषय आहे. उत्सवाच्या पुस्तकात हा विषय कशास, असे कोणी विचारील. ही कथा अखेरीस ज्या वस्तूपाशी येऊन थांबते ती वस्तू आमच्या देवळाच्या कचेरीतील कपाटातही आहे, एवढेच उत्तर तूर्त पुरे.

शिपायास जमीन देण्याची चाल फार जुनी. रोमी बादशहा ऑगस्टस याने आपल्या निवृत्त शिपायांसाठी इसवी सन ६ मध्ये स्वतंत्र खजिना उघडला, परंतु तत्पूर्वी रोख पैशाऐवजी पुष्कळदा जमीनच वाटली जात असे. फिलिपायच्या लढाईनंतर इटलीतील गावेच्या गावे शेतकऱ्यांकडून काढून शिपायांस देण्यात आली. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्यांस व्हर्जिलचे पहिले गोपकाव्य ठाऊक असते. त्यातला एक मेंढपाळ आपले शेत एका शिपायाच्या हाती गेल्यामुळे शेळ्या हाकीत देशोधडीला लागलेला आहे. सरकार जमीन देते म्हणजे बहुधा कोणाची तरी घेऊन देते, हे त्या कवीने दोन हजार वर्षांपूर्वी पाहिले होते. आमच्या प्रांतातही पोर्तुगीज अमदानीत राजाची गावे तीन पिढ्यांच्या कराराने चाकरी केलेल्यांस दिली जात, आणि मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलांस ‘बालपरवेशी’ मिळे. लढणाऱ्याच्या पाठीमागे त्याचे घर असते, ही गोष्ट कोणत्याच राज्यास नवी नव्हती.

आता मुख्य कथेकडे वळू. जुलै १७७६ मध्ये उत्तर अमेरिकेतील तेरा इंग्रज वसाहतींनी आपण स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. त्यांचा कारभार पाहणारी जी प्रतिनिधिसभा होती तिला ‘काँग्रेस’ म्हणत. आमच्या देशातील त्याच नावाच्या संस्थेशी वाचकांनी तिचा घोटाळा करू नये. या काँग्रेसपाशी फौज अशी होती की बहुतेक शिपाई एका वर्षाच्या बोलीवर आलेले, आणि वर्ष भरले की नांगराकडे परत जाणारे. ऑगस्टअखेर न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर इंग्रजांनी त्यांचा मोठा पराभव केला, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. लागलीच १६ सप्टेंबर १७७६ रोजी काँग्रेसने ८८ पलटणी उभारण्याचा ठराव केला. युद्ध संपेपर्यंत राहण्याचे वचन देईल त्या प्रत्येक शिपायास भरती होताना २० डॉलर रोख आणि अखेरीस १०० एकर जमीन. कर्नलास ५००, लेफ्टनंट कर्नलास ४५०, मेजरास ४००, कॅप्टनास ३००, लेफ्टनंटास २०० आणि एन्साइनास १५० एकर. शिपाई लढाईत पडल्यास ही जमीन त्याच्या वारसांची. पुढे नोव्हेंबरात तीन वर्षांच्या चाकरीचीही मोकळीक झाली, परंतु तीन वर्षेवाल्यांस २० डॉलरच, जमीन नाही.

१०० एकर! ज्या वाडीत केळीच्या बागेचा हिशेब गुंठ्यांत होतो आणि दोन भावांची वाटणी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवर अडते, तेथील आमच्या वाचकांस हा आकडा स्वप्नासारखा वाटेल. तो त्या शिपायांसही तसाच वाटला. त्यांच्यापैकी पुष्कळ जण शेतकऱ्यांचे धाकटे मुलगे, मजूर, उमेदवार कारागीर किंवा नुकतेच बोटीतून उतरलेले आयरिश व जर्मन लोक होते. अडचण एकच होती. ज्या काँग्रेसने ही जमीन कबूल केली तिच्यापाशी त्या दिवशी स्वतःची म्हणावी अशी वीतभरही जमीन नव्हती. पश्चिमेकडील अफाट रानावर निरनिराळ्या वसाहती आपापला दावा सांगत होत्या. व्हर्जिनियाने आपला दावा काँग्रेसच्या स्वाधीन केला तो १७८४ साली. त्याही जमिनीत जे मूळचे रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवीत होते, त्यांस तर कोणी विचारलेच नव्हते.

जमिनीचे वचन नुसते उधार होते. पैशाचे वचन रोख दिसत होते, पण त्याची गत अधिक वाईट झाली. काँग्रेसने युद्धाचा खर्च भागविण्यासाठी कागदी नोटा छापल्या, आणखी छापल्या आणि छापीतच राहिली. नोटेची किंमत घसरली तसे बक्षिसाचे आकडे फुगत गेले. १७७९ च्या आरंभी भरतीचे बक्षीस २०० डॉलरपर्यंत चढले होते. १८ मार्च १७८० रोजी काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर म्हणजे १ रुपेरी डॉलर असा भाव ठरविला. अगदी निरुपयोगी वस्तूस त्या नोटेची उपमा देण्याची चाल इंग्रजी भाषेत तेव्हापासून पडली. याच वर्षीच्या डिसेंबरात इकडे जनरल गॉडर्ड याने वसईचा किल्ला मराठ्यांकडून घेतला होता. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांस परत मिळाला. म्हणजे इंग्रज एकाच काळी दोन्ही गोलार्धांत लढत होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली तोच लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला.

युद्ध जिंकले, पण जिंकणाऱ्यांचा पगार देण्यास तिजोरीत पैसा नव्हता. जून १७८३ मध्ये शिपायांस तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या देऊन घरी लावण्यात आले. त्याच महिन्यात काही संतापलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियाच्या सभागृहास वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्स्टन येथे हलावे लागले. अधिकाऱ्यांस १७८० साली जन्मभर अर्धा पगार कबूल झाला होता. १७८३ च्या मार्चात त्याऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार देण्याचे ठरले, तोही रोख नव्हे, कर्जरोख्यांच्या रूपाने. शिपायांच्या थकलेल्या पगाराचेही रोखेच झाले. आता ज्याला शेकडो मैल चालत घर गाठावयाचे आहे आणि ज्याच्या पायांत धड जोडा नाही, तो माणूस सरकार कधीतरी देईल म्हणून रोखा पेटीत ठेवून बसणार थोडाच! वाटेवरच्या खानावळीत, कापडाच्या दुकानात, दलालाच्या पेढीवर ते रोखे दर्शनी किमतीच्या लहानशा हिश्श्याने विकले गेले.

पुढे १७९० साली नवे संयुक्त सरकार स्थिर झाले, आणि खजिनदार अलेक्झांडर हॅमिल्टन याने सर्व रोख्यांची पूर्ण फेड करण्याची योजना मांडली. फेड कोणाची? ज्याच्या हातात रोखा असेल त्याची. जेम्स मॅडिसन याने सभेत सूचना केली की विकत घेणाऱ्यास बाजारातील चढता भाव द्यावा आणि उरलेली रक्कम ज्या शिपायाने तो रोखा आपल्या घामाने मिळविला त्यास द्यावी. ही सूचना १३ विरुद्ध ३६ मतांनी फेटाळली गेली. हॅमिल्टनच्या बाजूनेही मुद्दा होता हे आम्ही नाकारीत नाही. राज्याची पत टिकावयाची तर ज्याच्या हाती कागद त्याला पैसा, हा नियम मोडता येत नाही, आणि मूळ मालक शोधणे सोपे नव्हते. तथापि नीतिशास्त्र शिकलेल्या कोणाही माणसास न्यायाचा काटा त्या दिवशी कोठे झुकला हे कळते. मॅडिसनने हरलेल्या बाजूने का होईना, तो प्रश्न विचारला एवढे बरे झाले.

जमिनीची कथा अधिक लांब आहे. काँग्रेसप्रमाणे निरनिराळ्या राज्यांनीही आपल्या शिपायांस जमिनी कबूल केल्या होत्या, आणि त्यांचा हात काँग्रेसपेक्षा सैल होता. अखेरपर्यंत लढलेल्या साध्या शिपायास नॉर्थ कॅरोलायनाने ६४० एकर दिले. सेनापती नथॅनिएल ग्रीन यास तर २५,००० एकर. न्यू यॉर्कने शिपायास ६०० एकर ठरविले. ती जमीन राज्याच्या मध्यभागी, सरोवरांच्या प्रदेशात होती. तिच्या गावांस होमर, ओव्हिड, सिसेरो, युलिसिस, रोम्युलस अशी नावे देण्यात आली. रानातल्या ओंडक्यांच्या झोपड्यांस ही भारदस्त नावे! लॅटिन शिकलेल्या कोणा कारकुनाने हा उद्योग केला असावा, असे आमच्यासारख्यास वाटल्यावाचून राहत नाही. जमिनीच्या चिठ्ठ्या १७९० नंतर निघू लागल्या, परंतु कित्येक शिपायांनी आपला हक्क आधीच मातीमोल विकला होता, आणि काहींनी तर तो दोघांतिघांस विकला होता. तंटे इतके माजले की हक्कांचा निवाडा करण्यासाठी खास पंच नेमावे लागले.

आणि ही जमीन कोणाची होती? व्हर्जिलच्या मेंढपाळाची येथे आठवण होते. १७७९ च्या उन्हाळ्यात जनरल सलिव्हन याच्या फौजेने याच प्रदेशातील इरोक्वाय लोकांची चाळीसहून अधिक गावे, उभी मक्याची शेते आणि फळबागा जाळल्या होत्या. त्या जमातींपैकी बहुतेकांनी इंग्रजांचा पक्ष घेतला होता हे खरे. परंतु ओनायडा नावाची जमात अमेरिकनांच्या बाजूने लढली होती, आणि १७८४ च्या तहात तिच्या जमिनीस हात लावणार नाही असे वचनही तिला मिळाले होते. तरी १७८८ पर्यंत न्यू यॉर्क राज्याने तिच्याकडून देशाचा फार मोठा भाग लिहून घेतला. डिसेंबर १७९४ मध्ये संयुक्त सरकारने ओनायडा व त्यांच्या सोबत्यांस युद्धातील नुकसानीबद्दल ५,००० डॉलर, एक पिठाची व एक लाकडे कापण्याची गिरणी, आणि इंग्रजांनी जाळलेले त्यांचे उपासनामंदिर पुन्हा बांधण्यासाठी १,००० डॉलर देण्याचा करार केला. मंदिरासाठी दिलेली रक्कम वाचून समाधान वाटते. पण ज्यांनी मित्र म्हणून रक्त सांडले त्यांच्याकडूनच जमीन लिहून घेतली जावी, याचा मेळ कसा घालावा?

काँग्रेसने स्वतः कबूल केलेल्या १०० एकरांसाठी ओहायओ नदीच्या उत्तरेकडील मुलूख ठरला. तेथील जमातींशी १७९० पासून लढाया झाल्या. नोव्हेंबर १७९१ मध्ये जनरल सेंट क्लेअर याची फौज त्यांनी जवळजवळ कापून काढली. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने त्यांस तो मुलूख सोडावा लागला, आणि १ जून १७९६ च्या कायद्याने सुमारे २५ लाख एकरांचा एक भाग शिपायांसाठी राखण्यात आला. वचनास वीस वर्षे होत आली होती. पण या कायद्यातील एक कलम पाहण्यासारखे आहे. जमीन ४,००० एकरांच्या तुकड्यांनीच मिळावयाची! म्हणजे १०० एकरांचे हक्कपत्र असलेले चाळीस शिपाई एकत्र जमतील तेव्हा कोठे एक तुकडा. मेरीलँडमधील म्हाताऱ्या लोहाराने असे चाळीस सोबती कोठून गोळा करावेत? ते काम सट्टेवाल्यांनी केले. हक्कपत्रे विकत घेऊन त्यांचे गठ्ठे बांधले आणि तुकडे मिळविले. १८०० साली कायदा सुधारून १०० एकरांचे तुकडे देण्यात येऊ लागले, पण तोपर्यंत बहुतेक शिपायांचे हक्कपत्र हातचे गेले होते. १७७६ च्या ठरावकर्त्यांस हा धोका दिसला होता, हे नमूद केले पाहिजे. शिपायाकडून हक्क विकत घेणाऱ्यास आम्ही जमीन देणार नाही, असे काँग्रेसने त्याच सप्टेंबरात ठरविले होते. पुढे तो निर्बंध टिकला नाही. गरजू माणसाचा हक्क विकता येऊ नये म्हणून केलेले कायदे गरजू माणसाच्या भुकेपुढे आणि धनिकाच्या चातुर्यापुढे फार दिवस टिकत नाहीत. आमच्याकडील कुळांच्या व सावकारांच्या गोष्टी ज्यांस ठाऊक आहेत त्यांस याचे नवल वाटणार नाही.

खुद्द सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांसही हा व्यवहार नवा नव्हता. फ्रेंचांविरुद्धच्या आधीच्या युद्धात व्हर्जिनियाच्या गव्हर्नराने १७५४ साली स्वयंसैनिकांस दोन लाख एकर कबूल केले होते. त्या जमिनीची मोजणी करवून घेण्यात वॉशिंग्टन यांनी पुढाकार घेतला, इतरांचे हक्क विकत घेतले, आणि सर्व मिळून वीस हजारांहून अधिक एकर आपल्या नावावर केले. त्यांच्या थोरवीस यामुळे बाध येतो असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्यापाशी वाट पाहण्याइतके धान्य घरात होते त्यास जमीन मिळाली, एवढेच यावरून दिसते.

ज्याच्यापाशी ते नव्हते अशा एका शिपायाचे चरित्र आपल्याला चांगले ठाऊक आहे, कारण त्याने ते स्वतः लिहिले. जोसेफ प्लंब मार्टिन हा कनेक्टिकटचा मुलगा १७७६ साली पंधराव्या वर्षी फौजेत गेला आणि किरकोळ खंड सोडल्यास अखेरपर्यंत लढला. उपासमार, थंडी, फाटके कपडे हे सर्व त्याने सोसले. युद्धानंतर तो उत्तरेस मेन प्रांतात पेनॉब्स्कॉट नदीच्या काठी गेला, रान तोडून शेत केले, लग्न केले. ज्या जमिनीवर त्याने नांगर धरला तिच्यावर दावा सांगणारा मालक निघाला हेन्री नॉक्स. म्हणजे त्याच्याच फौजेतील तोफखान्याचा सेनापती, पुढे वॉशिंग्टन यांचा युद्धमंत्री. नॉक्सच्या बायकोच्या माहेरचे त्या प्रांतातील अफाट वतन नॉक्सकडे आले होते. शिपाई आणि सेनापती एकाच युद्धातून परतले. एक जमीन कसणारा झाला, दुसरा तिची किंमत मागणारा.

१८१८ साली काँग्रेसने प्रथमच, जखमी नसलेल्या पण गरीब असलेल्या जुन्या शिपायांस पेन्शन देण्याचा कायदा केला: शिपायास महिना ८ डॉलर, अधिकाऱ्यास २०. अर्जांचा पूर लोटला, तेव्हा १८२० साली अट घातली की अर्जदाराने आपल्या सर्व मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी. त्या याद्या म्हणजे दारिद्र्याचे एक दप्तरच आहे. एक गाय, एक तवा, फुटका हंडा, चार चमचे, इतके देणे. मार्टिनच्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर होते. जमीन मुळीच नव्हती. त्याचे पेन्शन मंजूर झाले. १८३० साली त्याने आपल्या आठवणींचे पुस्तक नाव न घालता छापले. शिपायांची जमीन सट्टेवाल्यांच्या घशात गेली आणि तिची चौकशी कोणी केली नाही, असे त्यात तो कडवटपणे सांगतो. हाच मार्टिन पुष्कळ वर्षे आपल्या गावचा कारकून होता. गावातील नोंदी लिहिणारा हात एका उपेक्षित शिपायाचा होता, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

बक्षिसाचे आणखी दोन प्रकार होते. ते सांगताना लेखणी अडखळते, पण ते गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोड आयलंड राज्याने फेब्रुवारी १७७८ मध्ये कायदा केला की जो गुलाम भरती होऊन मंजूर होईल तो त्याच क्षणी स्वतंत्र. मालकास १२० पौंडांपर्यंत भरपाई. म्हणजे इतरांस ज्यासाठी जमीन मिळे त्यासाठी या माणसास त्याचे स्वतःचे शरीर मिळाले. उलटपक्षी व्हर्जिनियाने १७८० साली युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या नव्या शिपायास ३०० एकर जमीन आणि शिवाय दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानचा एक धडधाकट निग्रो गुलाम, किंवा त्याऐवजी ६० पौंड सोने-रुपे, देऊ केले. स्वातंत्र्याच्या युद्धात माणूस हेच बक्षीस! ज्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान निर्माण झाली असे लिहिले होते, त्यास त्या वेळी चार वर्षे झाली होती.

आमच्या धर्मबंधूंचा संबंध या युद्धाशी कॅनडाकडून आला. १७७५-७६ च्या हिवाळ्यात अमेरिकन फौज क्वेबेकवर चालून गेली, तेव्हा काही फ्रेंच कॅथलिक कॅनेडियन तिला मिळाले. फादर लुई लोत्बिनिएर हे त्यांचे धर्मगुरू म्हणून नेमले गेले. क्वेबेकचे बिशप इंग्रज सरकारशी एकनिष्ठ होते, त्यामुळे या लोकांस ना घरी थारा, ना देवळात. स्वारी फसल्यावर ते बायकामुलांसह दक्षिणेस आले आणि वर्षानुवर्षे छावण्यांतील शिध्यावर जगले. पुढे न्यू यॉर्क राज्याने शँप्लेन सरोवराजवळ अशा निर्वासितांस जमीन दिली. थंड, खडकाळ प्रदेश तो. तरी त्यांतील काही घराणी तेथे टिकली.

आता बायकांविषयी. त्यांच्यासाठीच आम्ही हा निबंध लिहावयास घेतला असे म्हटले तरी चालेल. मार्गारेट कॉर्बिन हिचा नवरा नोव्हेंबर १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टन येथे तोफेवर मारला गेला. तिने त्याची जागा घेतली आणि गोळ्यांनी जबर जखमी झाली. काँग्रेसने ६ जुलै १७७९ रोजी तिला जन्मभर अर्धा पगार आणि कपड्यांचा एक जोड, किंवा त्याची किंमत, मंजूर केली. पुरुषाच्या वेषात लढलेल्या डेबोरा सॅम्सन हिलाही पुढे पेन्शन मिळाले. तिच्यामागे तिच्या नवऱ्याने विधुर म्हणून अर्ज केला, आणि १८३८ साली खास कायद्याने तो पैसा मंजूर झाला तेव्हा घेण्यास तिचे वारस उरले होते. पण हे अपवाद. मेलेल्या अधिकाऱ्याच्या विधवेस व मुलांस सात वर्षे अर्धा पगार देण्याचा ठराव काँग्रेसने ऑगस्ट १७८० मध्ये केला. साध्या शिपायाच्या विधवेसाठी मात्र, ४ जुलै १८३६ च्या कायद्यापर्यंत, म्हणजे युद्ध संपून ५३ वर्षे होईतो काँग्रेसचे दार बंदच होते. युद्धाच्या वेळी वीस वर्षांची असलेली स्त्री या दिवशी पंच्याहत्तरीस आली होती.

शिवाय हे दार अर्धेच उघडले. नवऱ्याची चाकरी संपण्यापूर्वी जिचे लग्न झाले होते तिलाच पेन्शन. १८३८ साली ही मर्यादा १७९३ अखेरपर्यंत झालेल्या लग्नांस लागू केली, १८४८ साली आणखी पुढे नेली, आणि १८५३ साली लग्न केव्हाही झाले असले तरी चालेल असे ठरले. म्हणजे सगळा प्रश्न आला एका तारखेवर. नवरा शिपाई होता हे फौजेच्या हजेरीपटावरून सिद्ध करता येई. तेथेही संकट होतेच, कारण नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून पूर्वीचे अर्ज व कागद जळाले होते. पण ही बाई त्याची बायको होती, आणि अमुक दिवसापासून होती, हे कसे सिद्ध करावे? लग्न लावणारा मेलेला, साक्षीदार मेलेले, सीमेवरच्या वस्तीत नोंदवही ठेवलेलीच नाही. काही ठिकाणी फिरता उपदेशक वर्षातून एकदा येऊन लग्ने लावून जाई, आणि नोंद त्याच्या खिशातच राही. ज्यांस गुलामगिरीत असताना लग्न करावे लागले त्यांच्या विधवांची अडचण तर विचारूच नये. कायद्याने त्यांचे लग्न लग्नच नव्हते.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक पॅरिश धर्मगुरूने लग्नाची वही ठेवावी, तीत वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व ठिकाण लिहावे आणि ती वही काळजीपूर्वक जपावी असा हुकूम केला. तो हुकूम गुप्त विवाहांस आळा घालण्यासाठी होता. लग्नाच्या दिवशी घाईत असलेले वऱ्हाडी, बँडवाल्यांचा गलका आणि सही करावयास बोलावलेला साक्षीदार मांडवात गडप झालेला, अशा वेळी ही वही म्हणजे धर्मगुरूचा हेका, असे पुष्कळांस वाटते. फेब्रुवारी १८३७ मध्ये बर्फातून कोर्टात आलेल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीस तसे वाटले नसते. ती न्यायाधीशापुढे शपथेवर सांगे की लग्न कापणीच्या दिवसांत झाले, अमुक लढाईची बातमी आली त्या आठवड्यात. नवरा रजेवर आला होता. बहीण जिवंत असेल तर ती साक्ष देई की वधूची पाठराखीण मीच होते.

आणि जेथे काहीच नसे तेथे घरातील बायबल पुढे येई. त्या लोकांत बायबलच्या कोऱ्या पानांवर घरातील लग्ने, जन्म व मृत्यू लिहून ठेवण्याची चाल होती. ते पान हाच पुरावा. परंतु सबंध ग्रंथ वॉशिंग्टनला पाठविणे कठीण, आणि नकलेवर कचेरीचा विश्वास बसेलच असे नाही. तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांनी ते पान ग्रंथातून फाडून अर्जास जोडले. पेन्सिल्व्हेनियातील जर्मन घराण्यांत जन्माचे व बाप्तिस्म्याचे दाखले रंगीत पक्षी व फुले काढून सजविण्याची रीत होती. तेही भिंतीवरून उतरवून पाठविले गेले. मुलांची जन्मवर्षे ज्या पानावर आहेत, मेलेल्या तान्ह्यांची नावे ज्या पानावर आहेत, ते पान सरकारी कारकुनाच्या हाती द्यावयाचे, तेव्हा कोठे वर्षाला काही डॉलर.

१८५५ साली काँग्रेसने जमिनीचे औदार्यही पुन्हा एकदा दाखविले. चौदा दिवस चाकरी केलेल्या कोणत्याही जुन्या शिपायास किंवा त्याच्या विधवेस १६० एकर. १७७६ साली सबंध युद्धभर लढण्यासाठी १०० एकर कबूल झाले होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. त्या युद्धातील शिपाई तोपर्यंत थोडेच राहिले होते. विधवा अधिक होत्या. नव्वदीच्या घरातील बाई पश्चिमेस जाऊन रान तोडणार नव्हती, तिनेही ते हक्कपत्र विकले.

या यादीतील शेवटची विधवा व्हरमाँट राज्यातील एस्थर डेमन. १८३५ साली एकविसाव्या वर्षी तिने नोआ डेमन या पंच्याहत्तरीच्या शिपायाशी लग्न केले होते, आणि ती नोव्हेंबर १९०६ मध्ये वारली. १७७६ च्या ठरावास तेव्हा १३० वर्षे झाली होती. या युद्धातील पेन्शन व जमिनीच्या अर्जांची सुमारे ८०,००० पाकिटे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. बायबलमधून फाडलेली पाने अर्जांसोबत पाकिटांतच राहिली. त्यांच्या एका कडेस शिवणीचा दोरा निघाल्याची भोके अजून दिसतात.